घरबसल्या डीजेइंग शिकणं आणि लाइव्ह जाणं: आधी आवाजाची वाट, मग कॅमेरा

कोपऱ्यातला फेडर (धागाकर्ता)

'कंट्रोलर घेतला, आता लाइव्ह कसं जायचं?' हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात, म्हणून हा स्वतंत्र धागा. (कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपमधलं डीजे सॉफ्टवेअर हाताने चालवायचं, फिरत्या चकत्या आणि कळा असलेलं उपकरण.) छंद म्हणून शिकणाऱ्यांसाठी आहे. कार्यक्रम घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे नको.

लाइव्हचा खरा फायदा प्रेक्षक नव्हे. सुरुवातीला तसेही दोन-तीनच जण असतात आणि त्यातला एक आपलाच फोन. फायदा हा की थांबता येत नाही. एकट्याने सराव करताना मिक्स फसला की आपण गाणं मागे घेतो आणि पुन्हा करतो. त्यामुळे फसलेल्या मिक्समधून बाहेर कसं पडायचं हे कधी शिकलंच जात नाही. लाइव्हमध्ये ते शिकावं लागतं, आणि वर रेकॉर्डिंग हातात राहतं.

पहिली अडचण नेहमी एकच. हेडफोनमध्ये सगळं झकास, पण लाइव्हवर आवाज नाही, किंवा फाटतो, किंवा एकाच कानात येतो. कारण साधं आहे. कंट्रोलरमध्ये स्वतःचं साउंडकार्ड असतं. विंडोजवर डीजे सॉफ्टवेअर बहुतेकदा एएसआयओ ड्रायव्हरमधून थेट त्याच्याशी बोलतं, विंडोजच्या नेहमीच्या ऑडिओला मध्ये घेत नाही. ओबीएसचा (लाइव्ह जाण्याचं आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) 'डेस्कटॉप ऑडिओ' ऐकतो तो विंडोजचा आवाज. मग त्याला शांतता ऐकू येणारच.

यावर दोन वाटा आहेत.

तारेची वाट: कंट्रोलरच्या मागच्या मास्टर (सगळं मिसळून बाहेर जाणारा अंतिम आवाज) आरसीए सॉकेटमधून दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (बाहेरून जोडायचं साउंडकार्ड), तिथून यूएसबीने लॅपटॉपला. ओबीएसमध्ये 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' जोडून तो इंटरफेस निवडायचा. इंटरफेसवरचा स्विच 'लाइन'वर हवा, 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'माईक'वर नको. लॅपटॉपच्या गुलाबी माईक सॉकेटमध्ये मास्टर घालू नका. ते मोनो असतं, माईकला लागणारा विद्युतदाब तिथून बाहेर येतो, आणि लाइन पातळीचा आवाज त्याला पेलत नाही.

सॉफ्टवेअरची वाट: मॅकवर ब्लॅकहोलसारखी आभासी तार, विंडोजवर व्हॉइसमीटर. काही कंट्रोलरमध्ये मास्टरचा आवाज यूएसबीवरून परत लॅपटॉपला देण्याची सोय असते. तशी असेल तर सर्वांत उत्तम, कारण एकही जास्तीची वस्तू लागत नाही. ओबीएस २८ पासून विंडोजवर एका ठरावीक अ‍ॅपचा आवाज वेगळा पकडता येतो, पण ते अ‍ॅप एएसआयओवर असेल तर ही युक्तीही निकामी.

माझं मत विचाराल तर तारेची वाट. ती दिसते, त्यामुळे बिघाड शोधता येतो.

सोल्डरवाला

+१ तारेच्या वाटेला. थोडी भर.

मास्टर आउट एकच असेल आणि स्पीकरही त्यालाच लावलेले असतील, तर वाय-केबलने एका आउटपुटचे दोन इनपुट करायला हरकत नाही. उलटं मात्र करू नका. दोन आउटपुट वाय-केबलने एका इनपुटमध्ये कोंबले की दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. आवाज मंदावतो, विकृत होतो. बूथ आउट (स्वतःची आवाजाची कळ असलेलं दुसरं आउटपुट) असेल तर स्पीकर बूथला आणि इंटरफेस मास्टरला लावा, म्हणजे खोलीतला आवाज कमी-जास्त केला तरी लाइव्हवर फरक पडत नाही.

गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर ग्राउंड लूप आहे. लॅपटॉप, स्पीकर आणि इंटरफेस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरीही राहिली तर आरसीएच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. चार्जरची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कुठेतरी वाचाल. तो मानू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबवर कंट्रोलर, इंटरफेस आणि वेबकॅम तिन्ही लटकवले की ऐन गाण्यात कंट्रोलर 'डिसकनेक्ट' होतो.

नवखा_कान

उपयुक्त धागा, वाचनखूण साठवली. एक विचित्र प्रकार घडतोय. कंट्रोलरच्या हेडफोन सॉकेटमधून तार काढून इंटरफेसच्या एका इनपुटला दिली आहे. लाइव्हवर वाद्यं ऐकू येतात, पण गायिकेचा आवाज आणि किक (ड्रमचा खालचा ठोका) जवळजवळ गायब! खोल विहिरीतून गाणं आल्यासारखं. कंट्रोलर खराब आहे का?

सोल्डरवाला

@नवखा_कान, कंट्रोलर ठणठणीत आहे, तार चुकली आहे. स्टिरिओ तार एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली की इंटरफेस डावा आणि उजवा असे दोन आवाज समजत नाही. तो टोकावरच्या सिग्नलमधून कड्यावरचा वजा करतो. डाव्यातून उजवा वजा. गाण्यात मधोमध ठेवलेलं जे काही असतं, म्हणजे मुख्य गायन, किक, बास, ते दोन्हीकडे सारखं असतं. वजाबाकीत ते शून्य होतं आणि उरतो फक्त कडेचा पसारा आणि गायनाचा रिव्हर्ब.

उपाय: एका बाजूला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळे ६.३५ मिमी मोनो जॅक असलेली तार घ्या. एक जॅक इनपुट १ मध्ये, दुसरा २ मध्ये. पण मुळात हेडफोन सॉकेट वापरूच नका. तिथे क्यू केलेलं, म्हणजे पुढचं म्हणून आधी हेडफोनमध्ये ऐकायला घेतलेलं गाणंही येतं, म्हणजे तुमची सगळी तयारी लोकांना ऐकू जाते. मास्टर आरसीए घ्या.

आणि ओबीएसमध्ये 'मोनो'ची खूण करून झाकपाक करू नका. एकाच कानात आवाज येणाऱ्यांना हा उपाय सर्रास सुचवला जातो. बोलण्यासाठी तो ठीक आहे, संगीतासाठी नाही.

तिहाई

तारांवर चांगली चर्चा चालली आहे, पण शिकण्याच्या भागाकडे वळू या का? आवाजाची वाट एकदा लागली की ती विसरायची असते. कान मात्र रोज तयार करावा लागतो.

सुरुवातीला वीसएक गाणी पुरतात. एकाच जातीची, १२० ते १२६ बीपीएममधली (बीपीएम म्हणजे मिनिटाला ठोके), सुरुवातीला आणि शेवटी नुसता ताल असलेली. हजार गाण्यांचं फोल्डर उघडून बसलात तर सगळा वेळ निवडण्यातच जाईल.

हिशोब डोक्यात ठेवा. १२४ बीपीएमला एक ठोका ०.४८ सेकंदाचा. चार ठोक्यांचा एक बार, आठ बारचं एक वाक्य, म्हणजे ३२ ठोके, साधारण साडेपंधरा सेकंद. नृत्यसंगीतात बहुतेक बदल या वाक्याच्या सुरुवातीला होतात. तबला-पखवाज ऐकलेल्यांना आवर्तन आणि सम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. नवं गाणं जुन्याच्या समेवर सोडायचं. ठोके तंतोतंत जुळले आणि वाक्य चुकलं तर एकाचा गाण्याचा भाग दुसऱ्याच्या कडव्यावर चढतो, आणि ज्याला डीजेइंगचा गंधही नाही त्यालाही ते खटकतं. ठोका किंचित हलला तर तितकं खटकत नाही. म्हणून आधी वाक्य, मग ठोका. बरेच जण उलटं शिकतात.

कान तयार करायला एक सराव फार कामाचा आहे. दोन्ही डेकवर (गाणी वाजवायच्या दोन बाजू) तेच गाणं चढवा. एकाचा टेम्पो स्लायडर २ टक्क्यांनी हलवा, सिंक (ठोके आपोआप जुळवणारं बटण) बंद ठेवा, स्क्रीनवरचा बीपीएम आकडा कागदाच्या पट्टीने झाका. आता फक्त कानाने परत जुळवा. दूर असताना दोन वेगळे ठोके ऐकू येतील, धडधड-धडधड. जवळ आलात की ते चिकटून एकच जाड ठोका होईल. अगदी जुळत आलं की हाय-हॅट विमान वरून गेल्यासारखे सरकू लागतात, कारण दोन सारख्या लहरी एकमेकींच्या काही पट्ट्या खोडतात. ते सरकणं मंदावत थांबलं की जुळलं. वेगळ्या गाण्यांवर ही खूण मिळत नाही, म्हणून कानाला आधी इथे सवय लावायची.

आणि फरक किती भोवतो? ०.१ बीपीएमची तफावत राहिली तर एका मिनिटात दशांश ठोका, म्हणजे जवळपास ४८ मिलिसेकंद सरकते. ठोके दुहेरी वाजायला तेवढं पुरतं. म्हणून लांब मिक्समध्ये अधूनमधून जॉगची (कंट्रोलरवरच्या फिरत्या चकतीची) कड हलकेच ढकलावी लागते. गाणं मागे पडत असेल तर पुढे, धावत असेल तर मागे. दोन-तीनदा एकाच दिशेला ढकलावं लागलं तर जॉग सोडा, स्लायडर सुधारा.

मध्यरात्रीचा रियाज

सिंक बटणाचा जुना वाद उकरायचा नाही, पण एक बाजू मांडतो. छंद म्हणून शिकणाऱ्याने सिंक वापरावं. त्यातून वाचलेलं लक्ष गाण्यांच्या निवडीकडे आणि इक्यूकडे (लो, मिड, हाय म्हणजे खालचा, मधला, वरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करण्याकडे) जाऊ द्यावं. जगात कुठेही श्रोता सिंकचा दिवा बघत नाही.

तिहाई

@मध्यरात्रीचा रियाज, वापरावं की, पण कान तयार झाल्यावर. सिंक बीटग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने ठोक्यांवर आखलेल्या रेघांवर, विसंबून असतं आणि ग्रिड चुकते. जुन्या, प्रत्यक्ष ढोलकीवादक वा ड्रमर बसवून केलेल्या ध्वनिमुद्रणात लय गाण्याच्या ओघात हलते, तिथे सरळ ग्रिड पहिल्या मिनिटात बरोबर आणि चौथ्या मिनिटात भरकटलेली असते. सॉफ्टवेअर ७० बीपीएमच्या गाण्याला १४० चं समजतं, हेही नेहमीचं. कधी ग्रिड अर्ध्या ठोक्याने सरकलेली असते. सिंक मग आत्मविश्वासाने चुकीचं जुळवतं, आणि कान नसेल तर कळतही नाही की घोटाळा कुठे आहे.

प्रत्येक गाण्याची ग्रिड एकदा तपासा. पहिल्या स्पष्ट किकवर पहिली रेघ, मग थेट शेवटच्या मिनिटात जाऊन रेघ अजून किकवर आहे का ते बघा. वीस गाण्यांना अर्धा-पाऊण तास लागतो.

मध्यरात्रीचा रियाज

ग्रिड तपासण्याबद्दल सहमत. बाकी मतभेद कायम :)

इक्यूबद्दल लिहितो. नव्यांचे मिक्स गढूळ होतात ते नव्वद टक्के वेळा दोन बास एकत्र वाजल्याने. नवं गाणं आत घेताना त्याचा 'लो' पूर्ण खाली असू द्या. समेवर गाणं सोडा, पहिलं वाक्यभर फेडर (आवाजाची सरकती कळ) हळूहळू वर न्या. आता वरची झांज-टाळी दोन्हीची आहे आणि बास फक्त जुन्याचा. पुढच्या वाक्याच्या पहिल्या ठोक्यावर एका हाताने जुन्याचा लो खाली आणि दुसऱ्याने नव्याचा लो बारा वाजताच्या खुणेपर्यंत. एकाच झटक्यात. बाराच्या पुढे नेऊ नका, तिथून पुढे तुम्ही मास्टर लाल करत असता. मग मिड, मग फेडर. दोघांच्याही गाण्याचे बोल एकाच वेळी आले तर मिड कापून भागत नाही, एंट्रीची जागाच बदला.

स्वर जुळवायचे तर सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याच्या पट्टीला देतं त्या कॅमेलॉट चक्रावरच्या खुणा बघा: ८ए वरून ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी. पण टेम्पो ६ टक्के वाढवला की स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. की-लॉक (टेम्पो बदलला तरी स्वर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर मग त्या खुणांना अर्थ राहत नाही. की-लॉक चालू ठेवून फार ताणलं तर ठोके बोथट होतात. ३ टक्क्यांच्या आत राहणारी जोडी शोधणं हाच सोपा मार्ग.

धागाकर्त्यांनी फसलेल्या मिक्सचा उल्लेख केलाय. बाहेर पडायच्या तीनच वाटा पाठ असू द्या. एक, नवं गाणं अजून खालीच असेल तर त्याचा फेडर निमूट बंद करा. कोणाला काही कळत नाही. दोन, जुनं गाणं संपत आलंय, तर त्याच्या शेवटच्या चार किंवा आठ ठोक्यांचा लूप लावा आणि श्वास घ्या. तीन, दोन्ही हाताबाहेर गेलीत, तर जुन्यावर इको लावून त्याचा फेडर समेवर पाडा आणि नवं गाणं एकटं सोडा. जॉगवर झटापट करत तीस सेकंद दुहेरी ठोक्यांचे घोडे दौडवणं ही वाट नव्हे.

नवखा_कान

वायरलेस हेडफोनवर काही केल्या ठोके जुळत नाहीत. माझ्या कानात दोष आहे की हेडफोनमध्ये?

कोपऱ्यातला फेडर

हेडफोनमध्ये. ब्लूटूथमधून आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. वर हिशोब आहे, १२४ ला ठोका ४८४ मिलिसेकंदांचा. म्हणजे तुम्ही तिसरा हिस्सा ते अर्धा ठोका मागे ऐकताय आणि खोलीतला स्पीकर वेळेवर वाजतोय. जुळणार कसं? तारेचा, कान झाकणारा हेडफोन घ्या. स्पीकरही ब्लूटूथचा नको.

याच्याच जवळचं: सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून घेतलेला आवाजाचा तुकडा. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. कमी बफरने जॉग चपळ वाटतो, पण ओबीएससोबत लॅपटॉप दमला की तडतड येते. लाइव्हसाठी ५१२ ठेवा. स्क्रॅच करणार नसाल तर फरक जाणवत नाही.

आता पातळ्या. गेनची (आवाजाची पातळी वाढवण्याची) साखळी चार ठिकाणी असते: गाण्याचा गेन, कंट्रोलरचा मास्टर, इंटरफेसची कळ, ओबीएसचा स्लायडर. सुरुवातीकडून शेवटाकडे लावत यायचं. सर्वांत जोरकस गाण्याचा सर्वांत जोरकस भाग वाजवा. चॅनल मीटर लाल न लागता वरच्या हिरव्या-पिवळ्यात, मास्टर तसाच, मग इंटरफेसची कळ अशी की ओबीएसच्या मीटरवर शिखरं −६ डीबीच्या आसपास येतील. ओबीएसचा मीटर −९ च्या वर लाल दिसतो. ते बोलण्याच्या हिशोबाने आहे, संगीत थोडं लालमध्ये गेलं म्हणून घाबरू नका, शून्याला टेकू देऊ नका. वर लिमिटर फिल्टर −१.५ वर ठेवा, पण अपघातापुरता. मास्टरवरच आवाज फाटला असेल तर पुढे स्लायडर कितीही खाली आणा, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येईल.

ओबीएसच्या सेटिंगमध्ये ऑडिओचा सॅम्पल रेट आणि इंटरफेसचा रेट एकच हवा, दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ राहिलं की कधी खरखर येते, कधी तासाभरात आवाज आणि चित्र वेगळे होत जातात. नॉइज सप्रेशन बंद. ते फिल्टर झांजेला गोंगाट समजतं.

पडद्यामागचा

व्हिडिओकडचं मी सांगतो.

हात दाखवायला ७२० पी, सेकंदाला ३० फ्रेम पुरेसं. व्हिडिओ २५०० केबीपीएस, ऑडिओ ३२० (ओबीएसचा मूळ आकडा १६० असतो, तो हाताने बदलावा लागतो), रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम सारखा), कीफ्रेम २ सेकंद. ताशी साधारण १.३ जीबी अपलोड होतं. १०८० पी साठी ४५०० धरलं तर ताशी २.२ जीबी. अपलोडचा वेग या बेरजेच्या दीडपट तरी असावा, आणि शक्यतो केबलने.

ओबीएसच्या स्टॅट्स खिडकीत तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम वाढत असतील तर बिटरेट कमी करा. एन्कोडिंगमुळे सुटलेल्या वाढत असतील तर इंटरनेटचा संबंध नाही, प्रोसेसर दमलाय. एनव्हेंक किंवा क्विकसिंकसारखा हार्डवेअर एन्कोडर निवडा. रेंडरिंगमुळे उशीर होत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे, सीनमधली शोभेची हलती चित्रं काढा. डीजे सॉफ्टवेअर आणि एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) एकाच दुबळ्या लॅपटॉपवर चालवलं तर आधी आवाज तुटतो, चित्र नंतर. श्रोता चित्र गोठलेलं सहन करतो, आवाज तुटला की निघून जातो.

ओठ आणि आवाज जुळवण्यासारखंच इथे बोट आणि आवाज जुळवावं लागतं. कॅमेऱ्याचं चित्र आवाजाच्या मागे असतं. पॅडवर टाळीसारखा तुटक आवाज लावा, कॅमेऱ्यासमोर दाबा, रेकॉर्ड करा, मग फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत बघा. आवाजानंतर बोट किती फ्रेमने टेकतं? ३० फ्रेमला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. चार फ्रेम आल्या तर ऑडिओच्या प्रगत गुणधर्मांत सिंक ऑफसेट १३३ घाला.

कॅमेऱ्याचा हात त्याच टेबलाला लावू नका, प्रत्येक किकला चित्र थरथरतं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर हात मध्ये आला की चित्र उजळतं-मंदावतं. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६०. एलईडीच्या पट्ट्यांचं लुकलुकणं त्याने बरंचसं जातं.

रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा. लॅपटॉप मध्येच बंद पडला तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून (फक्त फाइलचा प्रकार बदलून) एमपी४ मिळते.

तिहाई

आणि शक्य असेल तर डीजे सॉफ्टवेअरमध्ये वेगळं वॅव्ह रेकॉर्डिंगही करा. तासाला ६३५ एमबी. ऐकताना स्क्रीनकडे बघू नका. मिक्स कुठे सुरू झाला हे कानाने ओळखून वेळ कागदावर लिहा आणि मग खरी वेळ पडताळा. वाजवताना जाणवलं होतं त्याच्या आधीच नवं गाणं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत असेल, तर तुम्ही ते फार जोरात आत आणताय.

नवखा_कान

मोनो जॅकची तार आणली, गायिका परत आली! धन्यवाद. शेवटचा प्रश्न: दुसऱ्यांची गाणी वाजवतोय, तर लाइव्ह बंद पाडतील का?

पडद्यामागचा

जागेवर अवलंबून. यूट्यूबवर कंटेंट आयडी ही हक्काची गाणी ओळखणारी यंत्रणा लाइव्हही तपासते, इशारा येतो, मग चित्राच्या जागी स्थिर पाटी किंवा लाइव्हच बंद. शिवाय तिथे पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते ऐनवेळी आठवू नये. ट्विचने २०२४ मध्ये डीजेंसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. त्यात नाव नोंदवून लाइव्ह वाजवता येतं, पण साठवलेले व्हिडिओ आणि क्लिप त्या परवान्यात बसत नाहीत, ते बंद ठेवावे लागतात. मिक्सक्लाउडने हक्कदारांशी करार केलेले आहेत, मिक्स जपून ठेवायला ती जागा बरी. 'विकत घेतलंय' किंवा 'पैसे कमवत नाही' ही सबब कुठेच चालत नाही, आणि '३० सेकंदांपर्यंत चालतं' हा निव्वळ समज आहे.

सॉफ्टवेअरला जोडलेल्या स्ट्रीमिंग सेवांची गाणी लाइव्हला वापरण्याआधी त्या सेवेच्या अटी वाचा. सहसा वैयक्तिक वापरापुरतीच मुभा असते, आणि ती गाणी चढवली की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डचं बटणही चालत नाही.

सरावासाठी तर जाहीर लाइव्हची गरजच नाही. ओबीएसमध्ये 'स्टार्ट स्ट्रीमिंग'ऐवजी 'स्टार्ट रेकॉर्डिंग' दाबा, तासभर न थांबता वाजवा. तेवढ्यात तडतड, गळती, सिंक, सगळं समोर येतं.

कोपऱ्यातला फेडर

@नवखा_कान, आता दोन्ही इनपुटच्या कळा सारख्या आहेत का तेही बघून घ्या. मोनोत ध्वनिमुद्रित केलेलं एखादं जुनं गाणं वाजवा आणि ओबीएसच्या मीटरच्या दोन्ही पट्ट्या सारख्या उंचीवर येईपर्यंत उजवी कळ फिरवा. मग त्या कळांवर चिकटपट्टी लावून टाका.